मडक्याला कुंभार, मग पृथ्वीला कोण? उदयनाचार्यांच्या अनुमानावर चर्चा

पूर्वपक्षी:

देव आहे की नाही हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा सुरू होण्याआधीच संपतो. एक बाजू ‘श्रद्धेचा विषय आहे, तर्क चालवू नका’ म्हणते. दुसरी ‘सिद्ध करा’ म्हणते आणि कोणी खरंच सिद्ध करायला बसलं तर ऐकायला थांबत नाही. म्हणून हा धागा एकाच युक्तिवादावर काढतोय.

मिथिलेचे उदयनाचार्य हे दहाव्या शतकातले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित. त्यांच्या ‘लक्षणावली’त शके ९०६, म्हणजे इ.स. ९८४ असा काळ दिलेला आहे. त्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा अख्खा ग्रंथ ईश्वर अनुमानाने सिद्ध करण्यासाठी आहे. पोथी सांगते म्हणून माना, असं ते म्हणत नाहीत. चार्वाक, मीमांसक, बौद्ध, जैन, सांख्य या सगळ्यांचे आक्षेप ते आधी मांडतात आणि मग पाचव्या स्तबकात (प्रकरणात) आपले हेतू, म्हणजे अनुमानाची कारणं, सांगतात: ‘कार्यायोजनधृत्यादेः पदात् प्रत्ययतः श्रुतेः । वाक्यात् सङ्ख्याविशेषाच्च साध्यो विश्वविदव्ययः ॥’ थोडक्यात, कार्य वगैरे कारणांवरून सर्वज्ञ, अविनाशी ईश्वर सिद्ध होतो.

यातला पहिलाच हेतू, ‘कार्य’, सगळ्यात भक्कम आहे. पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे. कारण ती कार्यं आहेत. जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जसं मडकं. कर्ता म्हणजे ज्याला कच्च्या मालाचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि जो प्रयत्न करतो. कुंभाराला माती कळते म्हणून मडकं होतं. पृथ्वीचा कच्चा माल म्हणजे परमाणू. तुम्हाआम्हाला ते दिसत नाहीत. ज्याला सगळे परमाणू प्रत्यक्ष कळतात तो सर्वज्ञच असणार.

माझं मत असं की ईश्वराच्या बाजूने आपल्या परंपरेत इतकं स्वच्छ अनुमान दुसरं नाही, आणि तरी ते टिकत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त, उदयनांच्या बऱ्याच आधी, त्याची दुखरी जागा दाखवली होती. कुंभार मातीचं मडकं घडवतो एवढ्यावरून मातीची प्रत्येक गोष्ट त्याचीच म्हणायची, तर वारूळसुद्धा कुंभाराचंच ठरेल. मडकी घडताना पाहिली आहेत म्हणून मडक्यावरून कुंभार कळतो. ओसाड माळावर पडकी विहीर दिसली तरी ‘कोणीतरी बांधली’ म्हणतो, कारण तशी चिरेबंदी आणि बांधणारे हात यांचा संबंध ठाऊक आहे. डोंगराच्या बाबतीत असा कुठलाच संबंध कोणी पाहिलेला नाही, म्हणून डोंगर पाहून बांधणारा मनात येत नाही. दोन्हींना ‘कार्य’ हे एकच नाव दिलं म्हणून दोन्हींमागे कर्ता येत नाही. धूर पांढुरका असतो, म्हणून पांढुरकं काहीही दिसलं की तिथे आग आहे म्हणायचं का, असं धर्मकीर्ती विचारतो.

ओलं_जळण:

युक्तिवाद नीट मांडलात, पण निकाल घाईने दिलात.

वारुळाचंच घेऊ. ते कुंभाराने केलं नाही, कबूल. पण वाळवीने तर केलं! कणकण माती लाळेत कालवून, भिंत धरत धरत. वाळवीला तिच्यापुरती माती कळते, काहीतरी प्रेरणा आहे, धडपड तर डोळ्यांना दिसते. म्हणजे बौद्धांनी कर्त्याशिवायचं कार्य दाखवायला जे उदाहरण निवडलं, त्यातही कर्ता निघाला. नैयायिकांना कुंभार सिद्ध करायचाच नाहीये, कर्ता सिद्ध करायचा आहे.

दुसरं, ‘डोंगर पाहून बांधणारा मनात येत नाही’ हा पुरावा कसला? मनात काय येतं हे बघणाऱ्याच्या तयारीवर ठरतं. नेवाशाला प्रवरेच्या काठी अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडतात. पिढ्यान् पिढ्या गुरं-माणसं ती तुडवत गेली, कोणाच्या मनात कर्ता आला नाही. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकळिया तिथे गेले आणि त्यांना त्याच दगडात माणसाचा हात दिसला. ज्यांना दिसला नाही त्यांच्यासाठी कर्ता नव्हता असं म्हणणार का? व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे आग’ असा न चुकणारा संबंध, वस्तूंमध्ये असते, आपल्या सवयीत नाही.

आणि ‘डार्विननंतर हे सगळं निकालात निघालं’ असं कोणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. १८०२ मध्ये पेली या इंग्रज पाद्र्याने घड्याळाचा (घड्याळाला घडवणारा, तसा जगालाही) जो युक्तिवाद मांडला तो रचनेच्या गुंतागुंतीवर उभा होता. डोळा इतका गुंतागुंतीचा आहे, म्हणून कोणीतरी बनवला. १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आल्यावर त्याची हवा गेली, मान्य. उदयनांचा हेतू गुंतागुंत नाही. ‘आधी नव्हतं, मग झालं’ एवढंच त्यांना पुरतं. साधं ढेकूळसुद्धा चालतं. उत्क्रांती म्हणजे कार्यांची एक लांबलचक साखळी, त्यात त्यांना अडचण काय?

पूर्वपक्षी:

नेवाशाचं उदाहरण तुम्ही दिलंत हे फार बरं केलंत. माझं म्हणणं त्याच्याइतकं स्पष्ट मला मांडता आलं नसतं.

पुरातत्त्वज्ञ हातात दगड घेऊन काय बघतो? कडेने एकामागून एक छिलके उडवल्याच्या खुणा, आघात जिथे बसला तिथला फुगवटा, दोन्ही बाजूंनी आणलेली धार. आणि मुख्य म्हणजे तो हे सगळं नदीने घासून गोल केलेल्या शेजारच्या गोट्याशी ताडून बघतो. हा घडवलेला, तो न घडवलेला. हा फरक आहे म्हणूनच हत्यार ओळखता येतं. उदयनांच्या हिशेबाने मात्र हत्यारही सकर्तृक, म्हणजे कर्ता असलेलं, आणि गोटाही सकर्तृक. मग घडवलेलं म्हणजे कसं दिसतं, हे ताडून बघायला न घडवलेलं काहीच उरत नाही. तुमचं उदाहरण चालतं ते ज्या फरकावर, तोच फरक तुमचं अनुमान पुसून टाकतं.

आम्ही रानातला अंकुर दाखवतो की बघा, याला कोणी लावलं नाही. नैयायिक म्हणतात, तो तर पक्षातच आहे, त्याच्याच बाबतीत वाद चाललाय, तो विरुद्ध उदाहरण म्हणून चालणार नाही. पर्जन्य, दरड, गवत, काहीही दाखवा, उत्तर हेच. चुकीचं ठरवण्याची प्रत्येक वाट आधीच बंद करून ठेवलेली व्याप्ती बरोबर आहे हे कळायचं तरी कशावरून?

इंद्रायणीकाठ:

दोघांचंही वाचलं. अभ्यास मोठा आहे, पण यात माझा विठोबा कुठे आहे ते कळलं नाही. परमाणू जुळवणारा कोणी सिद्ध झाला काय, न झाला काय, आषाढीला आळंदीहून चालत निघणाऱ्या बाईला त्याचं काय? ती अनुमान करून निघत नाही. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त म्हटलंय की शिवाने किंवा विष्णूने सांगितलं म्हणून आम्ही मानतो असं नाही, त्यांनी न सांगतासुद्धा हेच मानलं असतं. तिथे आधार स्वतःच्या अनुभवाचा आहे. ना पोथीचा, ना घटाचा.

पूर्वपक्षी:

इंद्रायणीकाठ, अनुभवाला मी खोटं म्हणत नाही. पण चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनात उभा असलेला एक अनुभव सांगतो, विपश्यनेला बसलेला दुसरा सांगतो आणि त्यात ईश्वर नसतोच. जैन मुनीच्या अनुभवात जगाचा कर्ता नाही. तिघेही प्रामाणिक आहेत. अनुभवाने माणूस बदलतो हे मान्य, पण बाहेर काय आहे याबद्दल तिघांची विधानं एकत्र खरी असू शकत नाहीत. तेव्हा कुठेतरी तर्काकडे यावंच लागतं. तुकोबांनी ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ म्हटलं ते अनुभवाच्या बाजूने, तसंच तपासण्याच्याही बाजूने.

इंद्रायणीकाठ:

तुकोबांचं मन ग्वाही होतं ते आयुष्यभर त्या एकाच गोष्टीत मुरल्यामुळे. बाहेर उभं राहून तीन अनुभव शेजारी मांडले तर ते सारखेच दिसणार. असो, तुमची चर्चा चालू द्या, मी वाचतोय.

क्ष_किरण:

समजा, एक वेळ कर्ता मान्य केला. एकच कशावरून? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचे धर्मावरचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले, त्यात हाच प्रश्न आहे. जहाज सुबक दिसतं म्हणून एकाच थोर कारागिराची कल्पना करावी, तर प्रत्यक्षात पुष्कळ लोकांनी, पिढ्यान् पिढ्या चुकतमाकत ती विद्या पुढे आणलेली असते. जगाचे कर्ते अनेक असतील, शिकाऊ असतील, एखादा करून मरूनही गेला असेल.

शिवाय आपण पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर आहे. मडक्यावरून कुंभार काढायचा आणि त्याचे हात मात्र काढून घ्यायचे, हे कसं?

ओलं_जळण:

एकच का, याला उदयनांचं उत्तर लाघव. एका कर्त्याने भागत असेल तर दहा मानायला वेगळं कारण लागतं. विज्ञानात तुम्ही हेच करता.

शरीराचा मुद्दा जुना आहे आणि न्यायात त्याचा काथ्याकूट फार झालाय. जिथे आग तिथे धूर, असं कोणी म्हटलं तर आपण सांगतो की नाही, ओलं जळण असेल तरच धूर. ही उपाधी, म्हणजे जोडून येणारी अट. विरोधक म्हणतात, तशीच कर्त्याला शरीर ही उपाधी आहे. पण तुम्ही हात उचलता तेव्हा हाताला काय हलवतं? इच्छा आणि प्रयत्न. तुमच्या इच्छेला हात हलवायला दुसरा हात लागत नाही. म्हणजे ज्ञान-इच्छा-प्रयत्न जड वस्तूला थेट चालना देऊ शकतात, हे आपण रोज अनुभवतो. कर्तेपण त्या तिघांत आहे. कुंभाराला हात लागतात कारण माती त्याच्या शरीराबाहेर आहे.

आणखी एक. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये रचनेच्या युक्तिवादावर आक्षेप घेतला की त्यातून फार तर जगाचा वास्तुविशारद मिळतो, निर्माता मिळत नाही. साहित्य आधीपासून होतंच की. ख्रिस्ती ईश्वरशास्त्राला हा आक्षेप झोंबतो, कारण त्यांना शून्यातून निर्मिती हवी आहे. न्यायाच्या ईश्वराला तो लागूच होत नाही. परमाणू नित्य, आत्मे नित्य, ईश्वर फक्त निमित्तकारण, मडक्याला कुंभार तसा. उदयन मागतात तेवढंच त्यांच्या पदरात पडतं. आपल्याकडच्या वादाला युरोपातली उत्तरं आणून चिकटवू नका, एवढंच सांगणं आहे.

क्ष_किरण:

हाताचं उदाहरण उलटंच पडतं. माझी इच्छा माझाच हात हलवते, शेजाऱ्याचा नाही. मज्जातंतू तुटला तर माझाही नाही. इच्छा थेट हलवते हे न्यायाच्या आत्म्याच्या कल्पनेत खरं असेल, पण ती कल्पना आधी मान्य केली तर.

पूर्वपक्षी:

आणि लाघवच हवं, तर एकापेक्षा शून्य लहान. धर्मकीर्ती विचारतो, चैत्राला जखम झाली शस्त्राने, बरी झाली औषधाने. बाजूला एक खुंट उभा आहे, ज्याचा कशाशीही संबंध नाही. त्यालाच कारण का म्हणत नाही? बी, माती, पाणी, ऊन यांनी अंकुर येतो. ती असली की येतो, नसली की येत नाही. ईश्वराच्या बाबतीत हे ‘नसला की येत नाही’ तपासताच येत नाही, कारण तो नसल्याची वेळच नैयायिक मानत नाहीत.

माळवद:

इतका वेळ वाचत होतो. आमचं गाव उमरगा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून लोक झोपले होते.

आमच्याकडची घरं दगड-मातीची. भिंत दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, आत सिमेंट-चुना काही नाही, नुसता चिखल. वर लाकडी खांब-तुळयांवर माळवद, त्यावर मातीचा थर, आणि गळू नये म्हणून दरवर्षी वर आणखी माती. उन्हाळ्यात घर गार राहायचं. जमीन हलली तेव्हा त्या भिंती आतल्या माणसांवर आल्या. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं त्या एका पहाटेत गेली. हजारो माणसं. ज्यांच्याकडे दगडाच्या वाड्याला पैसा नव्हता, कुडाच्या नाहीतर छपराच्या घरात राहत होते, ती त्यामानाने वाचली.

लिस्बनबद्दल पुस्तकांत वाचलं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये, आणि भूकंप. त्यावरून युरोपात ‘हे जग शक्य जगांपैकी सर्वोत्तम आहे’ या लाइबनिझच्या मताची व्होल्तेरने चिरफाड केली. आमच्याकडे किल्लारीनंतर तसा वाद झालेला मला आठवत नाही. लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये पुढच्या वर्षी परत गणपती बसवला. मी त्यांना दोष देत नाही. पण ओलं जळण यांना विचारायचंय. तुमचा कर्ता सर्वज्ञ आहे, त्याला परमाणूसुद्धा कळतात. मग त्याला जमिनीखालचा तो भ्रंश कळत होता. वरची भिंतही कळत होती. भिंतीला टेकून झोपलेलं पोरही कळत होतं.

ओलं_जळण:

माळवद, तुम्ही जे पाहिलंत त्यापुढे वाद घालणं जड जातं. तरी प्रश्न विचारलात म्हणून परंपरेचं उत्तर मांडतो, कारण मला ते खरं वाटतं.

ब्रह्मसूत्रात नेमका हा आक्षेप आहे: ईश्वर मानला तर त्याच्यावर विषमतेचा आणि क्रूरतेचा दोष येतो. उत्तर, ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. तो मनमानी करत नाही, जीवांच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळ्यांवर सारखाच, पण साळीचं बी असेल तर साळ उगवते, जवाचं असेल तर जव. न्यायसूत्रं म्हणतात, माणसाचं कर्म कधी निष्फळ जातं, म्हणजे फळ त्याच्या एकट्याच्या हाती नाही, देणारा कोणी आहे. कर्म जड आहे, ते स्वतःच स्वतःचा हिशेब ठेवू शकत नाही.

भिंती माणसांनी बांधल्या होत्या, असंही एक उत्तर देता येतं. मी ते देणार नाही. ज्याच्याकडे होतं त्यातून त्याने घर बांधलं.

माळवद:

भिंतीचं उत्तर दिलं नाहीत, याबद्दल आभार.

पण कर्माचं उत्तर मी गावात ऐकलेलं आहे. ‘पाप वाढलं होतं’ असं चार दिवसांत लोक बोलायला लागले होते, आणि ते बोलणारे बहुतेक दुसऱ्या गावचे होते. दोन महिन्यांच्या बाळाने मागच्या जन्मी काय केलं हे बाळाला माहीत नाही, आईला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही. ज्याला शिक्षा कशाची तेच कळत नाही, ती शिक्षा कोणाला सुधारणार? आणि एका पहाटे, एका पट्ट्यातल्या, एकाच तऱ्हेच्या घरांतल्या सगळ्यांचं कर्म एकदम पिकलं? शेजारच्या कुडाच्या घरातल्यांचं नाही? मला यात न्याय दिसत नाही. मला भिंत दिसते.

क्ष_किरण:

माळवद यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना पूर्ण सहमती.

पूर्वपक्षी:

कर्माच्या उत्तराला आतूनही अडचण आहे. मीमांसक कर्म मानतात, वेद मानतात, आणि तरी कर्ता ईश्वर मानत नाहीत. त्यांच्या मते कर्मातून ‘अपूर्व’ तयार होतं, तेच फळ देतं. त्यांच्यातलेच कुमारिल भट्ट ‘श्लोकवार्तिका’त विचारतात, प्रजापतीने सृष्टी का केली? करुणेने म्हणाल, तर सृष्टीआधी करुणा करायला दुःखी जीव होते कुठे? आणि करुणेनेच केली असती तर नुसती सुखाचीच केली असती. प्रयोजन नव्हतं म्हणाल, तर ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, हेतूशिवाय मंदबुद्धीचा माणूसही हात हलवत नाही. हे कोणा नास्तिकाने लिहिलेलं नाही. यज्ञसंस्थेचा सगळ्यात कट्टर वकील लिहितोय.

आता ईश्वराला कर्माच्या बाहेर काही करता येत नसेल, तर फळाचं खरं कारण कर्म, आणि ईश्वर त्या चैत्राच्या जखमेशेजारचा खुंट. बाहेर करता येत असेल, तर माळवद यांचा प्रश्न तसाच उभा आहे.

इंद्रायणीकाठ:

वाचतोय म्हणालो होतो, पण राहवत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये गणपती बसवला ते लोक हिशेब मागत नव्हते. दुःखात कोणीतरी सोबत आहे, एवढंच त्यांना हवं होतं. तुमच्या सर्वज्ञ कर्त्याने त्यांना वाचवलं नाही, खरं आहे. पण त्यांचा देव तुमच्या कर्त्यासारखा जगाबाहेर बसलेलाच नव्हता.

माळवद:

सोबत हवी होती हे खरं. मी त्या शेडमध्ये आरतीला उभा होतो, म्हणून सांगतो, हिशेबसुद्धा मागत होते. माझी आजी रोज मागायची. मोठ्याने.

ओलं_जळण:

पूर्वपक्षी, तुम्ही विषय सरकवलात. धागा ‘पृथ्वीला कर्ता आहे का’ यावर आहे, ‘कर्ता चांगला आहे का’ यावर नाही. दुःखाचा मुद्दा कितीही खरा असला तरी त्याने ‘कार्य’ हा हेतू तुटत नाही. घर पडकं आहे म्हणून ते कोणी बांधलंच नव्हतं, असं होत नाही. कर्ता दयाळू नाही, असंही निघू शकेल. मला ते पटणार नाही, पण तर्काने निघू शकेल. कर्ता नाही, हे त्यातून निघत नाही.

पूर्वपक्षी:

तुम्ही एकटे असतात तर ही वाट तुम्हाला मोकळी होती. उदयनांना नाही. तुम्ही कारिका, म्हणजे वर दिलेला श्लोक, पुन्हा बघा: ‘प्रत्ययतः श्रुतेः’. वेद प्रमाण आहे, आणि शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त असेल तर, म्हणून वेदाचा वक्ता ईश्वर. आप्त म्हणजे ज्याला खरं माहीत आहे आणि जो फसवणार नाही, ऐकणाऱ्याचं भलं ज्याला हवं आहे. मीमांसकांना वेदाला कर्ताच नको होता, त्यांना ही अडचण नाही. उदयनांनी मात्र वेदाचा सगळा भार बोलणाऱ्याच्या चांगुलपणावर टाकलाय. दुःखापुढे तो चांगुलपणा सोडला, की त्याच श्लोकातले पुढचे हेतू हातचे जातात आणि त्यांच्या दृष्टीने वेदही जातो. चांगुलपणा ठेवला, तर किल्लारीचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल.

ओलं_जळण:

आप्तत्वाचा मुद्दा नीट पकडलात. पण आप्त असायला ‘खरं सांगणं’ पुरेसं आहे, ‘दुःख होऊ न देणं’ त्यात येत नाही. वैद्य कडू औषध देतो आणि रोगाचं नावही खरं सांगतो. चौथ्या आणि पाचव्या स्तबकातला प्रमेचा (खऱ्या ज्ञानाचा) आणि आप्ताचा भाग वर्धमानाच्या टीकाग्रंथासकट पुन्हा बसून वाचतो आणि रविवारी सविस्तर लिहितो. तोवर माळवद यांनी त्यांची आजी काय म्हणायची ते लिहावं, अशी विनंती. ती बाजू पूर्वपक्षाच्या कुठल्याच ग्रंथात मी वाचलेली नाही.